भाच्याला स्वतःचा धंदा करायचाय, भावोजींना सरकारी नोकरी हवीय, आणि मी मामा मधल्यामध्ये

मयेचा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझा भाचा, थोरल्या ताईचा मुलगा, वय २४, घर गोव्यात डिचोलीत. दहावीनंतर आयटीआयला फ्रिज-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड केला, मग वेर्ण्याला एका कंपनीत अप्रेंटिस, मग तिथेच कॉन्ट्रॅक्टवर, आणि आता दीडेक वर्ष पर्वरीला एका एसी डीलरकडे फिटिंगला जातो. सकाळी सातच्या बसने जायचं ते रात्री नऊला परत. पगार किती ते सांगत नाही, म्हणजे सांगण्यासारखा नसणारच. पोराचा हात चांगला आहे हे मी मामा म्हणून नाही सांगत, मी शिकवतो त्या हायस्कूलच्या कॉम्प्युटर लॅबचा एसी दोन मेकॅनिक बघून गेले आणि दोघांनी कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं, याने येऊन कपॅसिटर बदलला आणि तो अजून चालतोय.

आता तो म्हणतो मामा मला स्वतःचं सुरू करायचंय. डिचोली, साखळी, वाळपई या पट्ट्यात घराघरात एसी आलेत पण सर्व्हिसिंगला माणूस म्हापशाहून किंवा पणजीहून बोलवावा लागतो आणि तो चार दिवस उद्या येतो उद्या येतो करतो. म्हणणं पटण्यासारखं आहे.

पण भावोजी. त्यांचं एकच, सरकारी नोकरी बघ, पियनची का असेना. तीनदा फॉर्म भरून झाले. मध्ये एकाने "सेटिंग करून देतो" म्हणून पैसे मागितले होते, २०२४ ला ती पैसे घेऊन नोकऱ्या देण्याची प्रकरणं बाहेर आली आणि अटका झाल्या तेव्हा ताईने देवाला नारळ ठेवला की आपण दिले नाहीत. तरीही भावोजींचं मत हललं नाही. त्यांचे स्वतःचे खाणीवर चालणारे दोन टिप्पर (ट्रक) होते, मायनिंग बंद झाल्यावर काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. आता ते दुसऱ्याच्या बसवर ड्रायव्हर आहेत.

माझ्याकडे तीनेक लाख बाजूला आहेत. द्यावेत का, दिले तर कसे, की कर्जाला जामीन राहू, सरकारी योजना खरोखर मिळतात की नुसते बॅनर लागतात, आणि मुख्य म्हणजे भावोजींसमोर हा विषय काढायचा कसा. नुसतं "कर रे बाबा, आम्ही आहोत पाठीशी" म्हणणं सोपं आहे, ते मी तीन वेळा म्हणून झालो, त्याने पोराचं काही झालं नाही.

साखळेची_शुभा

बाकीचं जाणकार सांगतीलच, पण आमच्या बेडरूममधल्या एसीतून आत पाणी गळतंय, खाली बादली लावून झोपतोय आम्ही. साखळीला येईल का तुमचा भाचा? चेष्टा नाही, खरंच विचारतेय 😀

मयेचा_मामा

हाहा, मेसेज करतो ताई. आधी मंडळी काय म्हणतात ते बघू.

कुळागर_१९५८

मी बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, लोनच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, तेव्हा तेवढ्यापुरतंच बोलतो.

सगळ्यात आधी जामीन. मास्तर, जामीन राहणं म्हणजे "सही करून टाकतो" असं नसतं. हप्ता चुकला की बँक तुमच्याही दारात येते आणि तुमचाही सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) खराब होतो. गावात मी बघितलंय, तीन लाख गेले तर मामा-भाच्याचं बोलणं सहा महिने बंद राहतं, पण जामीनकी अंगावर आली तर दोन घरं चवथीलाही (गणेश चतुर्थीला) एकत्र येत नाहीत. आणि मुळात लहान कर्जाला जामिनाची गरजच नसते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या ठराविक रकमेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, त्यासाठी सीजीटीएमएसई या सरकारी हमी फंडाची गॅरंटी असते. शाखेत "कोणी जामीन आणा" म्हणाले तर हसतमुखाने विचारायचं, सर, सीजीटीएमएसईत बसत नाही का हे? अर्ध्या वेळा सूर बदलतो.

आता योजना. लोकांच्या डोक्यात सगळ्यांची खिचडी झालेली असते म्हणून सांगतो. मुद्रामध्ये सबसिडी नाही, ते साधं कर्ज आहे, शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. सबसिडी आहे ती पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात. त्यात सर्व्हिसच्या धंद्याला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट धरतात, स्वतःचे १० टक्के घालायचे, आणि सबसिडी जनरलला शहरी भागात १५ टक्के, ग्रामीण भागात २५. ओबीसी, एससी, एसटी, महिला वगैरेंना स्वतःचे ५ टक्के आणि सबसिडी २५ व ३५. आता गंमत बघा, डिचोली शहर पालिकेत येतं पण तुमचं मये पंचायतीत. दुकानाचा पत्ता कुठला घालता यावर दहा टक्क्यांचा फरक पडतो. पत्ता खरा हवा हां, तपासणीला माणूस येतो.

आणि सबसिडी हातात येत नाही! ती बँकेत त्याच्या नावाने तीन वर्षं अडकून राहते, धंदा चालू आहे हे बघून मग कर्जात वळती होते. बरेच जण सबसिडीला बोनस समजून गाडी बुक करतात आणि फसतात. दुसरं, ही योजना फक्त नव्या धंद्याला. आधी सुरू करून, बिलं फाडून मग पीएमईजीपीला गेलात तर "चालू युनिट" म्हणून परत पाठवतात. तेव्हा ते घ्यायचं असेल तर आधी पणजीला उद्योग भवनात किंवा खादी बोर्डात जाऊन सध्या अर्ज घेताहेत का, काय लागतं, ते नीट विचारून यायचं. राज्याची मुख्यमंत्री रोजगार योजना वेगळी, ती ईडीसीकडे (राज्याचं आर्थिक विकास महामंडळ), तीही पणजीलाच. एका दिवसात दोन्ही ऑफिसं होतात, सकाळची बस धरली तर.

अजून एक शंका तुमच्या मनात असेल ती सांगतो. वडिलांचं ट्रकचं कर्ज थकलं होतं का? थकलं असेल तरी मुलगा त्यात सह-कर्जदार किंवा जामीन नसेल तर त्याच्या सिबिलला त्याचा संबंध नाही. पण मुलाचा स्वतःचा रिपोर्ट आधी काढून बघा. हल्लीची मुलं मोबाईल हप्त्यावर घेतात, दोन हप्ते विसरतात आणि तिथे गाडं अडतं.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे. आधार आणि पॅनवर दहा मिनिटांत होतं. हजार-पंधराशे घेणारी वेबसाईट दिसली तर ती सरकारी नाही.

खारो_वारो

मी स्वतः याच धंद्यात, कांदोळी-कळंगुट पट्ट्यात १४ वर्षं. कुळागरबाब सांगतात ते कागदाला बरोबर आहे पण मी उलट सांगणार. सबसिडी विसर म्हणावं पोराला. सबसिडीसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट मोठा करायचा, मोठा केला की गाडी आली, दुकानाचं भाडं आलं, दोन हेल्पर आले, आणि पहिल्या जून महिन्यात पाऊस लागला की एसी बंद, फोन बंद, हप्ता मात्र चालू.

या धंद्याला सुरुवातीला लागतं काय? व्हॅक्यूम पंप, मॅनिफोल्ड गेज, क्लॅम्प मीटर, जेट पंप, फ्लेअरिंगचं टूल, ड्रिल, शिडी, गॅसचा सिलिंडर. मी शेवटचा सेट एका पोराला घेऊन दिला तेव्हा ४० हजारांच्या आत बसला होता, पंप तेवढा नवा घेतला बाकी अर्धं सेकंडहॅण्ड. स्कूटर त्याच्याकडे असेलच. मामाने तीन लाख द्यायची गरज नाही, पहिली चाळीस-पन्नास हजारांची टूल्स घेऊन द्यावीत आणि बाकीचे बँकेत राहू द्यावेत, कारण खरी गरज ती सात-आठ महिन्यांनी लागते. ती कशी ते सांगतो.

मी सुरू केलं तेव्हा वर्षभरात एका हॉटेलची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) मिळाली. ३८ रूम. घरी पेढे वाटले. तीन महिन्यांनी बिल दिलं, अकाउंटवाला म्हणाला सीझन संपू दे. सीझन संपला, म्हणाला मॅनेजर बदललाय. मी सप्लायरकडून गॅस, कॉपर पाईप, पीसीबी सगळं माझ्या उधारीवर उचललेलं. सप्लायर दारात आणि मी हॉटेलच्या दारात. पैसे मिळाले ते ११ महिन्यांनी आणि तेही पूर्ण नाही. काम मिळालं नाही म्हणून कोण बुडत नाही बाबा, केलेल्या कामाचे पैसे आले नाहीत म्हणून बुडतात. घरातल्या कोणी मोठ्या माणसाने तेव्हा माझ्याबरोबर त्या ऑफिसात येऊन नुसतं बसलं असतं ना, तरी फरक पडला असता. २५ वर्षांच्या पोराला अकाउंटवाला हाकलतो, मास्तरांना नाही हाकलत.

तेव्हा मला कायदा ठाऊक नव्हता. २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा आहे, त्यात लहान उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि आता एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सवाल्यांनीही दोरी आवळलीय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत हॉटेलला तो खर्च दाखवता येत नाही. हॉटेलचा सीए हे ऐकून लगेच जागा होतो. पण यासाठी काम करायच्या आधी उद्यम नंबर हवा आणि तो बिलावर छापलेला हवा. नंतर काढून उपयोग नाही. म्हणून मी म्हणतो पहिल्या दिवशी उद्यम काढा आणि पीएमईजीपीला रामराम करा. पटतंय काय बघा.

आणि डिचोलीचा पट्टा धरलाय ते शहाणपणाचं केलंय पोराने. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने आउटडोर युनिटची कॉईल कुजते, फिन हात लावला की भुगा. काम भरपूर मिळतं ते खरं पण गिऱ्हाईक म्हणतं गेल्या वर्षीच तर केलं, पुन्हा कसं गेलं, आणि दोष मेकॅनिकच्या माथी. तुमच्या आतल्या भागात धूळ आहे, मीठ नाही. खाणीच्या रस्त्यावरच्या घरांचे फिल्टर लाल होतात तेवढंच.

एक गोष्ट त्याला माझ्याकडून सांगा. व्हॅक्यूम मारल्याशिवाय (पंपाने पाईपातली हवा काढल्याशिवाय) गॅस भरायचा नाही. अर्धे लोक घाईत पाईपातली हवा गॅसनेच बाहेर ढकलतात आणि निघतात, आत ओल राहते, सहा महिन्यांनी कॉम्प्रेसर बसतो. गिऱ्हाईकाला दिसत नाही, पण गाव लहान आहे, वर्षभरात कळतं कोणाच्या हातचं टिकतं. आणि एसीतला आर-३२ पेट घेणारा गॅस आहे, ब्रेझिंग करताना (ज्योतीने पाईप जोडताना) आधी लाईन रिकामी झाली याची खात्री, मगच ज्योत. त्याला हे ठाऊक असेल, तरी सांगा.

कुळागर_१९५८

खारो वारोबाब, तुमचं बिलाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी फक्त एवढंच म्हणेन की आता लहान सुरू करा पण बँकेत करंट खातं पहिल्या महिन्यात उघडा आणि सगळे पैसे त्यातूनच फिरवा. दोन वर्षांनी गाडीला कर्ज हवं असेल तेव्हा मॅनेजरला तोंडचा धंदा नको असतो, स्टेटमेंट आणि रिटर्न हवा असतो. कंपन्या बिलातून एक टक्का टीडीएस (आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापतात, रिटर्न भरला की तो परत येतो. कित्येक पोरं तो तसाच सोडून देतात, सरकारला दान.

पणजी_ते_पुणे_व्हाया_पणजी

हे सगळं वाचून मला माझा मामा आठवला म्हणून लिहिते.

मी इंजिनियरिंग करून मैत्रिणीबरोबर लहान गेस्टहाऊससाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर काढलं होतं. दोन वर्षं चाललं, मग बंद केलं. मामाने दीड लाख दिले होते. प्रेमाने दिले, "परत कधी दे, नाही दिलेस तरी चालेल" असं म्हणाला. आणि तेच नडलं. कारण "नाही दिलेस तरी चालेल" याचा हिशोब कोणालाच कळत नाही. दर चवथीला आरती झाली की पानावर बसताना सगळ्यांसमोर "मग, किती सुटतात महिन्याला?" तो सहज विचारायचा, पण माझ्या घशाखाली पातोळी उतरायची नाही. शेवटी शेवटी मी चवथीलाच उशिरा जायला लागले.

म्हणून मामा, देणार असाल तर कागदावर लिहा. किती दिले, त्यातले किती भेट आणि किती उसने, परत कधीपासून, आणि धंदा नाही चालला तर काय. आणि किती दिवस बघायचं तेही लिहा, समजा १८ महिने. १८ महिन्यांत घरी अमुक रुपये येत नसतील तर नोकरी धरायची, आणि तेव्हा कोणी "मी सांगितलं होतं" म्हणायचं नाही. हे शेवटचं वाक्य माझ्याकडून भावोजींसाठी. मी बंद केल्यावर मला नोकरी मिळाली ती त्या दोन वर्षांमुळेच मिळाली, इंटरव्ह्यूत डिग्रीचं कोणी विचारलं नाही, गिऱ्हाईक कसं मिळवलंस ते विचारलं. पण घरी अजून "तिचं ते कंपनीचं प्रकरण" असंच म्हणतात, जशी काय कोर्टकेसच.

इनक्युबेटरबद्दल (नव्या कंपन्यांना मदत करणारी केंद्रं) कोणीतरी सांगेलच म्हणून आधीच सांगते. फातोर्ड्याला डॉन बॉस्को इंजिनियरिंगमध्ये आहे, वेर्ण्याला आहे, तुमच्या जवळ साखळीला जीआयएममध्ये (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) आहे. चांगली माणसं आहेत, मला फायदा झाला. पण त्यांना काहीतरी नवीन प्रॉडक्ट किंवा तंत्र हवं असतं जे मोठं होऊ शकतं. एसी सर्व्हिसिंग त्यात बसत नाही आणि बसवायला जाऊ नये. मी बघितलंय पोरं साध्या चांगल्या धंद्याला ओढूनताणून ॲप चिकटवतात, फक्त स्टार्टअप म्हणवून घ्यायला. राज्याच्या स्टार्टअप पॉलिसीतही बरीचशी मदत आधी आपण खर्च करायचा आणि मग परतावा अशी असते, ज्याच्याकडे आधी खर्चायला नाहीत त्याला ती लवकर उपयोगी पडत नाही. तरी एक करा, तिथे काही कार्यक्रम सगळ्यांना खुले असतात, हिशोब आणि दर ठरवणं शिकवतात, तेवढ्याला भाच्याला पाठवा. दर कसा लावायचा हे आपल्याकडे कोणी शिकवतच नाही, पोरं लाजून अर्धे पैसे घेतात.

तिखट_मीठ

मला एक कळत नाही, सगळ्यांनी धंदाच का करायचा? सरकारी नोकरीत वाईट काय? वेळेवर पगार, मेडिकल, लग्न जमायलाही बरं. धंद्याचं कौतुक करणारे बहुतेक स्वतः पगारावर असतात असा माझा अनुभव. मास्तर तुम्हीसुद्धा 🙂

मयेचा_मामा

लागलं पण खरं आहे. मी २२ वर्षं पगारावर आहे आणि पहिल्या तारखेला पगार झाला नाही तर तिसऱ्या तारखेपर्यंत माझं ब्लडप्रेशर वाढतं. म्हणूनच इथे विचारतोय. पोराने सरकारी नोकरी करू नये असं माझं म्हणणं नाही, पण ती मिळेपर्यंत वयाची तिशी जाते आणि हातातलं काम विसरतं.

पाळीचो_टिप्परवालो

मी लिहीत नाही सहसा, वाचतो. पण तुमच्या भावोजींच्या बाजूने कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

माझे तीन ट्रक होते. आता तुम्ही लोक उद्योजक उद्योजक म्हणता, आम्ही कोण होतो मग? जमीन गहाण टाकून गाड्या घेतल्या, ड्रायव्हर ठेवले, टायर-डिझेलचे हिशोब केले, गावात गॅरेजं, टायरवाले, चहाचे गाडे आमच्यावर चालत होते. आम्हाला कोणी उद्योजक म्हटलं नाही, ट्रकवाले म्हटलं, आणि रस्त्यावर धूळ उडते म्हणून शिव्या दिल्या, त्यात चूक नव्हती म्हणा, धूळ उडतच होती. २०१२ ला खाणी बंद झाल्या. बंद झाल्या त्या आमच्या चुकीने नव्हे, पण हप्ता आमचा होता. २०१४ ला कोर्टाने मर्यादा घालून परवानगी दिली, आम्ही परत रंग लावून पासिंग करून गाड्या उभ्या केल्या, आणि मार्च २०१८ ला पुन्हा बंद. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळेला जास्त लागलं, कारण पहिल्यांदा नशीब म्हणून सोडून देता येतं. अंगणात गाडी उभी, तिच्या टपावर वेल चढलेली, आणि रोज सकाळी दात घासताना ती बघायची. माझ्या बायकोने शेवटी सांगितलं, विका नाहीतर झाका.

तेव्हा भावोजी पियनची नोकरी म्हणतात ते त्यांना धंदा कळत नाही म्हणून नव्हे. त्यांना तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतो. त्यांना "काळ बदलला, तरुणांना संधी आहे" असलं काही सांगायला जाऊ नका, चिडतील. मी चिडलो असतो.

त्यांना बाजूला ठेवून पोराला गुपचूप पैसे देऊ नका. त्यांच्याकडे घेऊन जा आणि विचारा. पोराला सांगा, बाबा, महिन्याचा खर्च कसा धरायचा, उधारी कोणाला द्यायची कोणाला नाही, हे विचार. गावात कोणाचं बिल बुडवायची सवय आहे हे ट्रकवाल्याइतकं कोणाला ठाऊक नसतं, आम्ही सगळ्यांकडून बुडालोय. आणि एक सांगतो, त्यांची भीती एकाच गोष्टीची असणार, घर आणि जमीन. ते गहाण पडणार नाही एवढं लिहून दाखवा. बाकी बोलणं आपोआप होईल. नाही झालं तरी भांडण होणार नाही.

खारो_वारो

बाब, तुम्ही लिहा हो अधूनमधून.

मयेचा_मामा

टिप्परवाले बाब, हे दोनदा वाचलं. ताईला फोनवर वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, मग म्हणाली त्यांची गाडी पण दोन वर्षं अंगणात होती तुला आठवतं ना. मला आठवत नव्हती खरं तर. म्हणजे दिसत होती, पण मी कधी त्या बाजूने बघितलं नव्हतं.

रविवारी जातो डिचोलीला. येऊन सांगतो काय झालं ते.

साखळेची_शुभा

आणि माझ्या एसीचं?

मयेचा_मामा

(नऊ दिवसांनी)

उशीर झाला, शाळेत परीक्षा होत्या.

तर रविवारी गेलो. जेवण झाल्यावर विषय काढला. कागद घेऊन गेलो होतो, वर पणजी-पुणेवाल्या मुलीने सांगितला होता तसा लिहून. टूल्सचे ४५ हजार माझ्याकडून भेट, एक लाख बाजूला ठेवायचे फक्त अडकलेल्या बिलांसाठी आणि ते उसने, १८ महिने मुदत, घर-जमिनीला हात नाही, मोठं कर्ज नाही, पहिलं वर्ष हॉटेलची एएमसी नाही. पर्वरीची नोकरी अजून तीन महिने चालूच, तोवर रविवारी आणि सुट्टीला स्वतःची कामं, ती डीलरच्या गिऱ्हाइकांकडे नव्हे हां, ते मी आधीच बजावलं.

भावोजींनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला, परत घडी घातली आणि टीव्ही लावला. अर्धा तास काही नाही. मी म्हटलं संपलं. मग जाहिरात लागली तेव्हा पोराला म्हणाले, "उधारीचं पान यात नाही." तेवढंच. पोरगं वही घेऊन बसलं आणि दोघांनी मिळून डिचोली ते होंडा कोणाला उधारी द्यायची नाही त्यांची नावं काढली. ती यादी मी इथे देऊ शकत नाही 😀 पण त्यात माझ्या ओळखीचे तीन जण आहेत आणि एक माझा सहकारी शिक्षक.

शुभाताईंकडे त्याच दिवशी संध्याकाळी गेला. रविवारी बसवर ड्युटी नाही म्हणून भावोजीच स्कूटरवरून शिडी धरून मागे बसले. ड्रेन पाईपच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, पाणी बाहेर जायला जागाच नव्हती म्हणून आत येत होतं. वीस मिनिटांचं काम.

येताना भावोजींनी विचारलं किती घेतलेस. तो म्हणाला तीनशे. साखळीपर्यंत पेट्रोल, दोन माणसं, शिडी, आणि तीनशे? घरी येईपर्यंत ऐकून घेतलं त्याने. आता भावोजींनी दरपत्रक करायला घेतलंय, किलोमीटरप्रमाणे.

फॉर्म मात्र या महिन्याचाही भरायला लावलाच. पोराने भरला.

कुळागरबाब, करंट खातं उघडलं. उद्यम पण काढलं, दहा नाही पण पंचवीस मिनिटं लागली, ओटीपी येत नव्हता. खारो वारोबाब, व्हॅक्यूम पंप नवाच घेतो, तुम्हाला मेसेज केलाय कोणत्या मेकचा घ्यायचा ते कळवा. सगळ्यांना देव बरें करूं.

साखळेची_शुभा

तीनशे म्हणाला तेव्हा मलाच कसंतरी झालं, पाचशे देत होते तर घेईना. पाणी थेंबभर नाही आता. माझ्या जावेकडे दोन एसी आहेत, वाळपईला, सर्व्हिसिंगला पाठवा म्हणते. पण तिला नवीन दरपत्रक लागू करा, ती माझ्यापेक्षा घासाघीस करणारी आहे.

खारो_वारो

वाळपईला शिडी घेऊन जाऊ नका म्हणावं स्कूटरवरून, घाट-वळणं आहेत. गिऱ्हाईकाकडे शिडी आहे का ते आधी फोनवर विचारायचं. पंपाचं मेसेजवर पाठवलंय.